बाइकची तुटलेली, खरचटलेली बॉडी घरी कमी खर्चात दुरुस्त करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईत बाइकच्या बॉडीचं नुकसान बऱ्याचदा उभ्या गाडीचं किंवा कमी वेगातलं असतं. पावसात पेव्हर ब्लॉकवर चाक सटकतं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी काढताना आपली आडवी होते, साइड स्टँड ओल्या मातीत रुततो. मग पॅनेलला चीर, तुटलेला लॉक, टाकीला पोचा. यातलं बरंचसं घरी होण्यासारखं आहे. आमचं ठाम मत असं की जोडणी आणि घासकाम घरी करावं, कारण पैसे तिथेच वाचतात. शेवटचा लॅकरचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) हात मात्र गरज असेल तिथे पेंटरकडून मारून घ्यावा.

घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये?

प्लास्टिक पॅनेलची चीर, तुटलेले कान (स्क्रू बसायच्या पट्ट्या), खरचटलेला रंग, पत्र्याच्या मडगार्डचा किंवा टाकीचा उथळ पोचा, वरवरचा गंज ही कामं घरी करा. फोर्क, चेसिस, रिम, फूटरेस्टचा ब्रॅकेट आणि गळणारी टाकी मेकॅनिककडेच न्या.

पॅनेल जोडायला बसण्याआधी एक तपासणी करा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून समोरून बघा: हँडल सरळ असताना पुढचं चाक तिरकं दिसतंय का? नंतर पॅनेल नुसतं जागेवर धरून त्याची होल ब्रॅकेटच्या होलशी जुळतात का ते बघा. पाच-सहा मिमीचा फरक असेल तर बहुधा आतला लोखंडी स्टे वाकलेला असतो. तो सरळ न करता पॅनेल बसवलं तर बोल्ट आवळताना जोडावर ताण येतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चीर पुन्हा उघडते.

नवीन पार्ट घेणं स्वस्त पडत नाही का?

कधीकधी पडतं. न रंगवलेलं काळं साइड कव्हर, पुढचा मडगार्ड, आरसा असल्या वस्तूंवर दोन रविवार घालवण्यात अर्थ नाही. रंगवलेलं फेअरिंग, टेल पॅनेल, हेडलाइटचा डूम आणि टाकी यांचं गणित वेगळं असतं. आधी स्पेअर काउंटरला चेसिस नंबर सांगून भाव विचारा. सामानाचा खर्च नव्या पार्टच्या निम्म्यापेक्षा जास्त जात असेल तर सरळ नवा घ्या.

पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं काहीच मिळत नाही. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असेल तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिक पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो, शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस म्हणजे प्रीमियमवरची सूट, ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका साइड पॅनेलसाठी ती घालवणं बहुतेकांना परवडत नाही. क्लेम करायचाच असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा, नंतर सांगून उपयोग नाही.

पॅनेल कुठल्या प्लास्टिकचं आहे हे कसं ओळखायचं?

हे न ओळखताच काम सुरू करणं हे जोड सुटण्याचं सगळ्यांत मोठं कारण. पॅनेल उलटं करून आतल्या बाजूला बघा, दोन बाणांच्या मध्ये प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. रंगवलेली चकचकीत पॅनेल बहुधा एबीएस या कडक प्लास्टिकची असतात. खरबरीत काळे आतले मडगार्ड, चेनच्या बाजूची कव्हर, स्कूटरचा फूटबोर्ड हे बहुधा पीपीचे (पॉलिप्रोपिलीनचे). काही स्कूटरची बॉडी पत्र्याची असते, त्यासाठी फ्रिजवरचं चुंबक पुरे.

अक्षरं दिसत नसतील तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. दुसरी खूण असिटोनची: कापसाच्या बोळ्याने आतल्या बाजूला एक थेंब लावा. एबीएस चिकट होतं, पीपीवर काहीच होत नाही. हेडलाइटची काच आणि पारदर्शक व्हायझर यांना मात्र असिटोन किंवा थिनर लावू नका. ते पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकचे असतात, त्यांना बारीक तडे जातात किंवा ते धुरकट होतात.

काय काय सामान लागेल, आणि खर्च किती?

दोन साइड पॅनेलसाठी: ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, २०० मिली असिटोन, ३ मिमीचं ड्रिल बिट, १२०, २२०, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (प्रत्येकी दोन), पॉलिस्टर पुट्टीचा छोटा डबा हार्डनरसकट, आणि प्रायमर, रंग, लॅकर यांचा ४०० मिलीचा प्रत्येकी एक कॅन. शिवाय मास्किंग टेप आणि हातमोजे. घरात काहीच नसेल तर पहिल्या वेळी साधारण दीड ते दोन हजार रुपये जातात. पुढच्या वेळी आयर्न, जाळी, पेपर शिल्लक असल्याने खर्च बराच उतरतो.

रंगाचं सामान कुठल्याही ऑटो पेंटच्या दुकानात मिळतं. हत्यारं एकदम घ्यायची असतील तर मशीद बंदरला उतरून नागदेवीत एक फेरी मारावी. नेलपॉलिश रिमूव्हर असिटोनच्या जागी वापरू नका, त्यात पाणी, तेल, सुगंध असतं.

पॅनेल काढतानाच लॉक तुटतात, काय करू?

थंड प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी किंवा पावसात भिजलेली गाडी उघडू नका. दुपारी, गाडी जरा तापलेली असताना काढा. आधी सगळे स्क्रू शोधा. एक तरी सीटखाली किंवा टाकीच्या कडेला लपलेला असतो, आणि तो राहिलेला असताना ओढलं की कान जातो. रबरी ग्रोमेटमध्ये बसणाऱ्या खुंट्या सरळ बाहेर ओढायच्या, तिरक्या नाहीत. ग्रोमेट कडक झालं असेल तर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉन स्प्रे इथे वापरू नका, त्याचा अंश पॅनेलवर राहिला की पुढे रंग फाटतो. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर गाडीचं ढोबळ चित्र काढून त्या त्या जागी टेपने चिकटवून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली वायर चेपतो.

एबीएस पॅनेलची चीर पक्की कशी जोडायची?

आधी भांडी घासायच्या साबणाने पॅनेल धुऊन पूर्ण वाळवा. चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडा. हे टाळू नका: चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि भोक नसेल तर दुरुस्तीनंतरही ती पुढे सरकते. मग दोन्ही कडा समोरून तंतोतंत जुळवून वरून टेप लावा. बोट फिरवून पायरी लागत नाही ना ते बघा. इथला अर्धा मिमीचा फरक पुढे पुट्टीने भरावा लागतो.

आता मागची बाजू. चिरेवर आयर्नच्या टोकाने व्ही आकाराची खाच काढा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. जाळीची १५ ते २० मिमी रुंद पट्टी खाचेवर ठेवून गरम आयर्नने हळूहळू प्लास्टिकमध्ये बुडवा. जाळीच्या छिद्रांतून प्लास्टिक वर येऊन गुळगुळीत दिसलं की ती बसली. तपकिरी धूर येत असेल तर आयर्न जास्त तापलंय. जळलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून टोक एका जागी थांबवू नका. हे काम खिडकीशी, पंखा धूर बाहेर फेकेल असा ठेवून करा. साधा डस्ट मास्क हा धूर अडवत नाही.

जाळीवर आणि समोरच्या बाजूने राहिलेल्या चिरेच्या फटीत एबीएसची लापशी भरायची. गॅरेजमध्ये फेकून दिलेल्या पॅनेलचा एबीएसचा तुकडा मागून आणा, रंग खरवडून त्याचे बारीक कपचे करा आणि काचेच्या बाटलीत कपचे जेमतेम बुडतील इतकं असिटोन घालून रात्रभर ठेवा. सकाळी काडीने उचलल्यावर हळू ओघळेल इतकं घट्ट हवं. थर्माकोल किंवा पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात करू नका, ग्लासच विरघळतो. असिटोन चटकन पेट घेतं, त्यामुळे गॅस, देवघरातला दिवा आणि ते तापलेलं सोल्डरिंग आयर्न यांच्यापासून लांब ठेवा. आधी आयर्नचं काम संपवा, प्लग काढा, नंतर बाटली उघडा.

एका वेळी एक मिमीपेक्षा जाड थर देऊ नका. असिटोन उडून जाताना थर आक्रसतो. जाड थर वरून कडक दिसतो पण आत ओला राहतो आणि आठवड्याने तिथे खड्डा पडतो. थरांमध्ये चार-पाच तास सोडा आणि शेवटच्या थरानंतर दोन दिवस थांबून मगच घासा.

कानच तुटून हरवलाय. आता?

दुसऱ्या बाजूचा कान साचा म्हणून वापरा. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा त्या आकारात वाकवून तुटलेल्या जागी आतून टेपने धरा, त्यावर जाळी ठेवा आणि लापशीचे थर देत जाडी वाढवा. जाळी पॅनेलच्या शाबूत भागात निदान २० मिमी आत गेलेली हवी, नाहीतर नवा कान मुळापासून सुटतो. दोन दिवसांनी भोक पाडा, ते स्क्रूपेक्षा एक मिमी मोठं ठेवा आणि खाली रबरी वॉशर घाला. पाना हातात आला की आवळत सुटायची सवय असते, पण प्लास्टिकच्या कानाला स्क्रू टेकल्यावर पाव फेरा पुरतो.

पीपीचा मडगार्ड चिकटतच नाही.

चिकटणार नाहीच. अराल्डाइट, फेविक्विक, असिटोन, यातलं काहीच पीपीला धरत नाही. त्याला वितळवूनच जोडावं लागतं, तेही पीपीनेच. त्रिकोणात ५ आकडा असलेल्या जुन्या डब्याची पट्टी कापून भराव म्हणून वापरता येते. काळा झिप टाय वितळवून जोड भरायची पद्धत सर्रास दिसते, पण झिप टाय नायलॉनचा असतो आणि पीपीत मिसळत नाही. जिथे दिसत नाही, म्हणजे मागच्या मडगार्डच्या आत वगैरे, तिथे चिरेच्या दोन्ही बाजूंना १० मिमी आत भोकं पाडून स्टीलच्या तारेने टाके घाला. दिसायला साधं, पण टिकायला उत्तम.

फेविक्विक आणि एम-सील चालेल का?

फेविक्विकचा खरा उपयोग कडा जुळवून तात्पुरत्या धरण्यापुरता. तो जोड ठिसूळ असतो आणि इंजिनची थरथर सोसत नाही. एम-सील मागच्या बाजूला, एबीएसवर, ८० नंबरच्या पेपरने खरबरीत केलेल्या जागी बऱ्यापैकी धरतं, पण जड होतं आणि वाकणाऱ्या पॅनेलवर सुटतं. अराल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि पूर्ण एक दिवस हलवू नका.

पॅनेल फुटलं नाही, पण दबलंय आणि पांढरी रेघ आलीय.

बादलीत चांगलं कढत पाणी घेऊन दबलेल्या जागेवर ओता आणि मागून अंगठ्याने ढकला. हातमोजे घाला. आकार परत आला की गार पाणी ओतून तो पक्का करा. न रंगवलेल्या प्लास्टिकवरची पांढरी रेघ गरम हवेने बरीच फिकी होते. हीट गन असेल तर १५ सेंमी लांब धरून सतत हलवत ठेवा. रंगवलेल्या पॅनेलवरचा रंग तडकला असेल तर रंगवण्यावाचून इलाज नाही.

टाकीचा पोचा कसा काढायचा?

सर्वांत आधी: टाकी तापवायची नाही, वेल्डिंग करायचं नाही, टाकीजवळ ठिणगी उडेल असं ग्राइंडरचं काम करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इंधन साधारणपणे दाबाखाली इंजेक्टरकडे जातं. तिथला पाइप थेट काढला तर पेट्रोलची चिळकांडी उडते. पाइप कसा सोडायचा हे माहीत नसेल तर टाकी मेकॅनिककडून उतरवून घ्या.

उथळ, गोल, कड नसलेला पोचा गोंदाच्या टॅबवाल्या डेंट पुलरने बराच वर येतो, अर्थात मूळ रंग शाबूत असेल तर. पत्र्याला घडी पडली असेल तर तो येत नाही, तिथे पुट्टीच. पोच्यापेक्षा चारी बाजूंनी ४० मिमी जास्त रंग ८० नंबरने पत्र्यापर्यंत काढा. खाडीकडच्या, म्हणजे ऐरोली, वाशी, कोपरीच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लालसर होतो, त्यामुळे त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा आणि डब्यावर लिहिल्याइतका वेळ वाळवून त्यावर पुट्टी भरा. गंज मारणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण वापरलं असेल तर त्यावर थेट पॉलिस्टर पुट्टी लावू नका, ती नीट धरत नाही.

पुट्टीत हार्डनर किती?

वजनाच्या २ टक्के: ५० ग्रॅम पुट्टीला १ ग्रॅम पेस्ट. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. जास्त झाला तर ती हातातच कडक होते, शिवाय पुढे रंगातून डाग वर येतो. आपल्याकडच्या उकाड्यात मिसळल्यावर चार-पाच मिनिटंच मिळतात, म्हणून थोडी थोडी कालवा. एकूण जाडी २-३ मिमीच्या वर नेऊ नका. १२० ने आकार द्या, २२० ने ओरखडे काढा. घासताना पेपर नुसत्या बोटांनी धरला तर नाल्या पडतात, त्यामुळे पेपर रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा. पुट्टी पाणी शोषते, तिच्यावर ओला पेपर मारू नका. ओलं घासणं प्रायमरनंतर.

रंगाची शेड जुळेल का?

साधा काळा, लाल, पांढरा बऱ्यापैकी जुळतो. चंदेरी आणि मेटॅलिक फसवे: अंतर, दाब, थरांची संख्या बदलली की शेड बदलते. अनेक गाड्यांवर सीटखाली रंगाचा कोड असलेला स्टिकर असतो, तो दुकानात दाखवा. कोड बरोबर असला तरी पाच उन्हाळे खाल्लेली टाकी आणि नवं पॅनेल शेजारी उठून दिसतील. म्हणून पॅनेलच्या मध्येच ठिगळ मारू नका, कडेपर्यंत पूर्ण रंगवा, म्हणजे फरक फटीच्या पलीकडे जातो. मोत्याची झाक असलेले रंग घरी मारू नका. मॅटही जपून: त्याला नंतर पॉलिश करून चूक झाकता येत नाही.

बाल्कनीत स्प्रे मारता येईल का? आणि पावसाळ्यात?

बाल्कनीत नको. रंगाचा धुरळा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर जाऊन बसतो. गच्चीवर, सोसायटीला विचारून, फ्रिजच्या मोठ्या खोक्यात पॅनेल तारेने टांगून मारा. सकाळी आठ-नऊची वेळ चांगली: वारा कमी आणि ऊनही कडक नाही. तापलेल्या पॅनेलवर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये रंगकाम टाळाच. इथली आर्द्रता तेव्हा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसून लॅकर दुधाळ होतो. पावसाळ्यात जोडणी आणि घासकाम करून ठेवा, प्रायमर-रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

पद्धत अशी: कॅन दोन मिनिटं हलवा. २०-२५ सेंमीवरून, पॅनेलच्या बाहेर सुरुवात आणि बाहेरच शेवट. पहिला हात नुसता तुषारांसारखा, मागचं दिसेल असा. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन हात. प्रायमर वाळला की ६०० च्या ओल्या पेपरने गुळगुळीत करा आणि रंगाआधी धागे न सुटणाऱ्या कापडाने, थिनर-पाण्याविना, फक्त पॅनेल क्लीनरने (रंगाआधी तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसा.

रंग बिघडला. कुठे चुकलं?

ओघळ आले तर कॅन जवळ धरला किंवा हात सावकाश फिरला. एक-दोन दिवस वाळू द्या, १००० ने ओघळ उतरवा, पुन्हा एक हात. संत्र्याच्या सालीसारखं दिसत असेल तर कॅन लांब होता. आठवड्याने २००० चा ओला पेपर आणि रबिंग कंपाउंड लावलं की बरंच बसतं. छोटे गोल डोळे पडले तर खाली सिलिकॉन आहे, म्हणजे जुनं पॉलिश किंवा चेन स्प्रे. त्यावर आणखी रंग मारून डोळे बुजत नाहीत, वाळवून, घासून, धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. सुरकुत्या पडल्या तर खालचा थर अर्धवट वाळलेला होता किंवा वरच्या रंगाचं थिनर त्याला भारी पडलं. दोन हातांमधला वेळ कॅनवर लिहिलेला असतो, तो पाळा.

टाकी रंगवली, पण पेट्रोल सांडल्यावर रंग मऊ पडला.

साध्या कॅनमधला लॅकर पेट्रोल सोसत नाही. टाकीला हार्डनरवाला टू-के लॅकरच हवा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि एन-९५ मास्क ते अडवत नाही. म्हणून टाकीसाठी आमचा सल्ला बदलत नाही: प्रायमरपर्यंत सगळं घरी करा आणि ६०० ने घासलेली टाकी पेंटरला द्या. वागळे इस्टेट किंवा तुर्भेच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत. फक्त रंग-लॅकरचा भाव वेगळा विचारा. घासकाम तुम्ही केलेलं असल्यामुळे मजुरीत मोठा फरक पडतो.

स्टिकर कधी लावायचे?

रंगानंतर निदान दोन आठवड्यांनी. आधी लावले तर आत अडकलेल्या थिनरचे फुगे येतात. जुना स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढा, उरलेला डिंक रॉकेलने पुसून जागा साबणाने धुवा. मूळ स्टिकर मिळत नसेल तर काढण्याआधीच मोजपट्टी शेजारी ठेवून त्याचा फोटो घ्या, रेडियमवाला तसाच कापून देतो.

रंग बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का?

हो. आरसीवर रंगाची नोंद असते. त्याच रंगात दुरुस्ती केली तर काहीच करावं लागत नाही, वेगळा रंग करायचा असेल तर आधी तुमची गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे (ठाणे एमएच-०४, नवी मुंबई एमएच-४३, पनवेल एमएच-४६) तिथे प्रक्रिया विचारून आरसीत बदल करून घ्या. चेसिसवर कोरलेल्या नंबरवर रंग जाऊ देऊ नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट वाकली असेल तर ती ठोकून रंगवू नका, बदलून घ्या.

रंगवलेली गाडी धुवायची कधी?

आठवडाभर पाणीही नको. नंतर महिनाभर साधं पाणी आणि मऊ कापड. प्रेशर वॉशचा फवारा दुरुस्त केलेल्या जोडावर आणि पॅनेलच्या कडेवर थेट मारू देऊ नका, तिथूनच रंगाचा पापुद्रा उचलतो. वॅक्स किंवा पॉलिश एक महिन्यानंतर.